खाली मराठी लिहा, आवाजाला हात लावू नका : परदेशी मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
परदेशी मालिका भारतात दाखवणाऱ्या सर्व स्ट्रीमिंग कंपन्यांचे भाषा विभाग

स. न. वि. वि.

आमच्या घरी पंचावन्न मिनिटांचा एक भाग संपायला पावणेदोन तास लागतात. नेट बरं चालतं, टीव्हीही ठीक आहे. पण रिमोट हातात धरून मी बसते, पडद्यावर कुणी बोललं की चित्र थांबवते, खालचं इंग्रजी वाचते, आईला मराठीत सांगते आणि पुन्हा चालू करते. आई ७४ वर्षांची आहे. सरकारी रुग्णालयात ३१ वर्षं नर्स होती. इंग्रजी तिला येतं, पण ते केसपेपरवरचं. दोन ओळी वाचून त्या पुसल्या जायच्या आत वर चेहऱ्याकडे बघायचं, हे तिला जमत नाही. मी मुद्रितशोधन करते, म्हणजे वाचण्यावरच पोट आहे, तरी मलाही दर वेळी जमत नाही.

आपण म्हणाल, मग डब केलेलं लावा की. लावलं होतं. लावलं कसलं, आपोआपच लागलं. 'द किलिंग' नावाची मालिका सुरू केली आणि कोपनहेगनचे पोलीस इंग्रजीत बोलायला लागले. दहा मिनिटांनी आई म्हणाली, "ओठ एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा. बातम्या सांगितल्यासारखं बोलताहेत सगळे." मी सेटिंगमध्ये जाऊन डॅनिश आवाज शोधला, खाली इंग्रजी अक्षरं घेतली, आणि त्या दिवसापासून हा रिमोटचा कारभार सुरू झाला.

मूळ नाव 'फोरब्रुडेल्सन'. डेन्मार्कच्या डीआर या सार्वजनिक वाहिनीवर ही मालिका जानेवारी २००७ मध्ये सुरू झाली. पहिल्या पर्वाचे वीस भाग, एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. नोव्हेंबरातलं कोपनहेगन, एकोणीस वर्षांची एक मुलगी मेलेली, आणि बदली घेऊन स्वीडनला निघालेली सारा लुंड ही अधिकारी, जी शेवटपर्यंत काही निघत नाही. मेलेल्या मुलीचं नाव नाना बर्क लार्सन. आईला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. "मुलीचं नाव नाना?" आमच्या वाड्यात एक नाना होते, उपरणं घेऊन फिरणारे. भाग संपेपर्यंत तिचं हसू विरलं होतं.

पहिल्या भागाच्या शेवटी कालव्यातून गाडी वर काढतात. मुलीचा बाप टाइस तिथे येऊन पोचतो, पोलीस त्याला अडवतात. त्याच्या फोनवर बायको आहे. तिला कोणी काही सांगत नाही. तिला फक्त त्याचा आवाज ऐकू येतो. त्या क्षणी मी थांबवलं नाही. थांबवण्यासारखं खाली काही आलंच नव्हतं. आई पदराची कड बोटाला गुंडाळत बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "बाकावर बसायचे ना नातेवाईक, अगदी असाच आवाज यायचा."

तो बाक म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीबाहेरचा. नाईट ड्यूटीला तिथून जावंच लागायचं. पोरगी गेली की बाप कसा उभा राहतो, आई आधी काय विचारते, कोण पाणी आणायला जातं आणि ते पाणी कोणीच कसं पीत नाही, हे सगळं ती कधीमधी सांगायची. आपल्याकडच्या गुन्हेगारी मालिका ती बघते, पण त्यात तिला हा बाक कधी दिसला नाही. तिथे प्रेत सापडतं, बायका हंबरडा फोडतात, पार्श्वसंगीत चढतं आणि पुढच्या दृश्यात इन्स्पेक्टर गाडीचं दार आपटून उतरतो. नातेवाईक गेले कुठे? शेवटच्या भागात फोटोला हार घालायला येतात.

डॅनिश मालिकेत ते कुठे जात नाहीत. वीसच्या वीस भाग आपण त्यांच्या स्वयंपाकघरात असतो. सामान हलवायचा व्यवसाय, खाली गाड्या आणि गोदाम, वर घर. दोन लहान मुलगे आहेत, त्यांना शाळेत पाठवायचं की नाही हा प्रश्न आहे. टाइसनं बायकोला आश्चर्याचा धक्का म्हणून तिला न सांगता नवं घर घेऊन ठेवलेलं असतं, त्याचे पैसे भरायचे असतात, आणि मुलगी मेली म्हणून बँक थांबत नाही. लेखक सोरेन स्वाइस्ट्रुपनं पोलीस, नगरपालिकेचं राजकारण आणि हे घर अशा तीन धाग्यांना सारखंच माप दिलं. दिग्दर्शकही घाईत नाही. पर्निल, म्हणजे मुलीची आई, नुसती उभी असते आणि कॅमेरा तिला उभं राहू देतो. लोक म्हणतात या मालिका संथ आहेत. असतील. सुतकातलं घरही संथच असतं.

यातली एक गंमत सांगते. मालिका चालू असताना खुनी कोण हे कलाकारांनाही सांगितलेलं नव्हतं. पुढच्या भागाची संहिता हातात आली की कळेल तेवढंच. त्यामुळे जो तो निर्दोष असल्यासारखाही वागतो आणि नसल्यासारखाही. आईनं आतापर्यंत सात जणांवर संशय घेतलाय. त्यात एकदा सारा लुंडसुद्धा होती.

आता मूळ मुद्दा. इंग्रजीनं 'फोरब्रुडेल्सन'चं 'द किलिंग' केलं. डॅनिश शब्दाचा अर्थ 'गुन्हा'. खून हा त्यातला एकच. बाकीचे गुन्हे वीस भागांत कुणाकुणाच्या हातून होतात ते मी इथे फोडणार नाही, पण नाव 'गुन्हा' आहे हे कळल्यावर मी आधीचे चार भाग मनात पुन्हा लावून पाहिले. मराठीत याला एका शब्दाचं, अचूक नाव तयार होतं. आम्ही ते इंग्रजीच्या खिडकीतून बघितलं आणि 'हत्या' वाचलं.

आइसलँडची एक मालिका आहे, २०१५ ची. इंग्रजीत 'ट्रॅप्ड'. मूळ नाव 'ओफैर्द'. डेन्मार्कहून आलेली प्रवासी बोट एका खाडीकाठच्या लहानशा गावाला लागते, पाण्यात धड सापडतं, आणि त्याच वेळी बर्फाचं वादळ येऊन गावचा रस्ता बंद होतो. राजधानीतले तपास अधिकारी येऊ शकत नाहीत. गावचे तीन पोलीस, आन्द्री नावाचा अस्ताव्यस्त दाढीचा, खचलेला त्यांचा प्रमुख, आणि अख्खं गाव एकमेकांच्या तोंडाकडे बघत अडकलेलं. 'ओफैर्द' म्हणजे रस्त्यानं जाता येऊ नये अशी अवस्था. इंग्रजीत याला सुटसुटीत शब्द नाही म्हणून त्यांनी 'अडकलेले' केलं. आमच्याकडे आहे की! पावसाळ्यात दरड कोसळली की साताऱ्याहून कोकणात जायला निघालेला माणूस फोनवर काय सांगतो? 'घाट बंद आहे.' बस्स. ज्यानं रात्रभर एसटीत बसून घाट सुटायची वाट पाहिलीय, त्याला आन्द्रीच्या गावाबद्दल आणखी काही समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की इंग्रजी मधे घालून या मालिका आमच्यापर्यंत आणल्या की वाटेत बरंच सांडतं, आणि जे सांडतं त्यातलं पुष्कळसं उचलून घ्यायला मराठीकडे भांडी आहेत.

'ब्रोएन' या मालिकेचंच बघा. डॅनिशमध्ये 'ब्रोएन', स्वीडिशमध्ये 'ब्रोन', अर्थ दोन्हीकडे 'पूल'. २०११ ते २०१८ अशी चार पर्वं. कोपनहेगन आणि माल्मो यांना जोडणारा ओरेसुंदचा पूल जुलै २००० मध्ये खुला झाला. जवळपास आठ किलोमीटर पूल, मग समुद्रात भराव टाकून केलेलं बेट, तिथून पुढे बोगदा. पहिल्याच दृश्यात पुलावरचे दिवे जातात, येतात, आणि दोन देशांच्या बरोबर सीमारेषेवर एक प्रेत पडलेलं असतं. उचलायला गेल्यावर कळतं की ती दोन अर्धी प्रेतं आहेत. कमरेवरची बाई स्वीडनची, खालची डेन्मार्कची. मग तिकडून स्वीडनची पोलीस अधिकारी सागा नोरेन येते, इकडून डेन्मार्कचा मार्टिन रोडे.

सागा स्वीडिश बोलते, मार्टिन डॅनिश बोलतो. चारही पर्वांत दोन्ही देशांची माणसं आपापल्या भाषेत बोलतात आणि समोरच्याचं कळेल तेवढं कळून घेतात. कधी कळत नाही, कधी कळूनही नकळल्यासारखं करतात. मालिका जणू त्या फटीतच बसलेली आहे. आणि इंग्रजी डबिंगमध्ये काय होतं? दोघंही एकाच सुरात, एकाच इंग्रजीत. पूल उरतच नाही, सपाट जमीन होते. आईला मूळ आवाज ऐकवल्यावर पाचव्या मिनिटाला तिनं ओळखलं, "ही दोघं वेगळं बोलतायत." डॅनिश नाही, स्वीडिश नाही, कशाचा गंध नसलेल्या बाईनं. "तुझी मालवणची आजी आणि मी अशाच बोलायचो पहिलं वर्षभर. ती म्हणायची 'खंय गेल्लंस', आणि मी विचारायचे कोण मेलं."

ही कथा जगभर किती ठिकाणी उचलली गेली! अमेरिका-मेक्सिकोची सीमा, इंग्लंड-फ्रान्समधला समुद्राखालचा बोगदा, सिंगापूर-मलेशिया. सगळीकडे सीमारेषेवर प्रेत ठेवायचं एवढं जमतंच. आमच्याकडेही 'फोरब्रुडेल्सन'वरून २०२५ मध्ये हिंदी मालिका निघाली, कोंकणा सेन शर्माला घेऊन. ती आईनं माझ्या मदतीशिवाय बघितली, तेवढ्यापुरती मला सुट्टी मिळाली. पण नव्यानं केलेली मालिका म्हणजे मूळ मालिकेचं भाषांतर नव्हे. ज्याला पर्निलचं स्वयंपाकघर बघायचंय त्याला तेच दाखवा.

आपल्या भाषांतरकारांना येणारी खरी अडचण मला ठाऊक आहे, कारण ती रोज रात्री मला येते. सागानं मार्टिनला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द, म्हणून तिथे हा प्रश्नच दिसत नाही. स्वीडनमध्ये पूर्वी आपल्यासारखंच होतं. हुद्दा, मान, तृतीयपुरुषी संबोधनं, सगळं. १९६७ मध्ये तिथल्या वैद्यकीय मंडळाचे प्रमुख ब्रोर रेक्सेड यांनी जाहीर केलं की यापुढे मी सगळ्या कर्मचाऱ्यांना 'दू' म्हणजे 'तू' म्हणणार. वारं आधीच त्या दिशेनं वाहत होतं, बघता बघता देशच अरेतुरेवर आला. डेन्मार्कमध्येही जवळपास तेच. म्हणजे सागा साहेबालाही 'तू' म्हणते आणि संशयितालाही.

मी पहिल्यांदा सगळं 'तू'मध्येच सांगत होते. आई वैतागली. "साहेबाला 'तू आत ये' म्हणते? हिला कामावर ठेवलं कुणी?" मग मी 'अहो-जाहो' केलं, तर सागा सागा वाटेना. तोंडावर थेट बोलणारी, खोटं न येणारी, भिडस्तपणा नावाची गोष्टच नसलेली बाई 'आपण जरा बसता का' कसं म्हणेल? शेवटी मी असं केलंय की सागा सगळ्यांना 'तू' म्हणते, बाकीचे वरिष्ठांना 'तुम्ही'. मूळच्या दृष्टीनं हे चूक आहे, तिथे सगळेच सारखे. पण मराठी कानाला सागा जशी टोचायला हवी तशी टोचते. आपल्या पगारी भाषांतरकाराला याहून चांगली वाट सापडेल. सापडावी असाच माझा आग्रह आहे.

उलट काही जागा इतक्या जुळतात की हसू येतं. डॅनिशमध्ये इंग्रजी 'प्लीज'सारखा रोजच्या वापरातला सरळ शब्द नाही. आमच्याकडेही 'कृपया' हा शब्द पाटीवर राहतो, घरात येत नाही. आपण म्हणतो, 'जरा ते दार लाव ना.' डॅनिश माणूस अशा वेळी वाक्यात 'लीअ' असा एक लहानसा शब्द सरकवतो. आपल्या 'जरा'चा सख्खा भाऊ. इंग्रजी सबटायटलमध्ये हा 'लीअ' कधी गायब होतो, कधी त्याचं भलंमोठं आर्जव होतं. मराठीत तो 'जरा' म्हणून जसाच्या तसा बसेल. आणि 'ताक'! डॅनिश आणि स्वीडिश दोन्हींत 'ताक' म्हणजे आभार. दर दोन मिनिटांनी कुणीतरी 'ताक' म्हणतं. आई आता चहा दिला तरी 'ताक' म्हणते.

पोलिसी भाषेचंही तसंच. मशीनकडून करून घेतलेली मराठी सबटायटलं मी एका ठिकाणी पाहिली आहेत. मालिका वेगळी होती, कंपनीचं नाव घेत नाही. 'आम्हाला एक शरीर सापडले आहे' असं हवालदार म्हणतो. कुठल्या हवालदाराला शरीर सापडतं? त्याला प्रेत सापडतं, आणि कागदावर उतरताना त्याचा मृतदेह होतो. आमच्याकडे जबाब आहे, फिर्याद आहे, गुन्हा दाखल होणं आहे, 'ताब्यात घेणं' आणि 'अटक करणं' यातला फरक रोजच्या पेपरनं सातवीतल्या पोराला शिकवलेला आहे. सगळंच वापरता येईल असंही नाही. 'पंचनामा' मी एकदा सांगून बघितला आणि जीभ चावली. डेन्मार्कच्या जंगलात पंच कुठून आणणार? तिथे 'जागेची पाहणी' बरी. असले निर्णय घ्यायला भाषेत वावरणारं माणूस लागतं.

थोडं या मालिकांच्या बाहेरच्या दिसण्याबद्दल. ते निळं-करडं चित्र, तो पाऊस, साराचा फेरो बेटांवरचा लोकरी स्वेटर ज्याच्यावर इंग्लंडात लोक वेडे झाले. ठीक आहे. चित्र निळं करायला बटण पुरतं, आणि आपल्याकडच्या काही मंडळींनी ते दाबलेलंही दिसतं. डीआरच्या नाट्यविभागानं, इनगोल्फ गाबोल्ड प्रमुख असताना, स्वतःसाठी काही नियम घालून घेतले होते. एक म्हणजे मालिका लिहिणाऱ्याची. बाकी सगळ्यांनी त्याच्या डोक्यातलं चित्र सांभाळायचं. दुसरा, 'दुहेरी गोष्ट'. वर खुनाची किंवा सत्तेची गोष्ट चालेल, पण खाली समाजाबद्दलचा एखादा प्रश्न चाललाच पाहिजे. हा दुसरा नियम हौसेचा नव्हता. त्या काळी घरटी परवाना शुल्क गोळा करून ही वाहिनी चालायची, म्हणजे प्रेक्षकाच्या पैशाला उत्तर द्यावं लागायचं. खुन्याचा शोध तर कुणीही लावेल. पण पालिकेतल्या एका निवडणुकीसाठी लोक मेलेल्या मुलीच्या घरच्यांशी कसे वागतात, हे बघायला रविवारी रात्री लाखो प्रेक्षक बसायचे.

या परंपरेचं मूळ त्याहून जुनं, स्वीडनमधलं. माय खोवाल आणि पेर वालो या जोडप्यानं १९६५ ते १९७५ या काळात दहा कादंबऱ्या लिहिल्या आणि सगळ्यांचं उपशीर्षक एकच ठेवलं : 'एका गुन्ह्याची कादंबरी'. गुन्हा कुणाचा, हे त्या दहा पुस्तकांत हळूहळू खुनी माणसाकडून समाजाकडे सरकत जातं. पुन्हा तोच शब्द, गुन्हा.

एका मालिकेबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचंय. 'एफ्टरफोर्स्कनिंगेन', म्हणजे 'तपास'. २०२०, सहा भाग, लेखक-दिग्दर्शक टोबियास लिंडहोल्म. ऑगस्ट २०१७ मध्ये किम वाल ही स्वीडिश पत्रकार मुलाखतीसाठी एका खासगी पाणबुडीत गेली आणि परत आली नाही. त्या खऱ्या प्रकरणावर ही मालिका आहे. जगभरच्या माध्यमांनी त्या पाणबुडीवाल्याचं किती कौतुकानं वर्णन केलं होतं ते आठवत असेल. या सहा भागांत तो माणूस एकदाही दिसत नाही. त्याचं नावही कुणी घेत नाही. 'आरोपी' एवढंच. खून दिसत नाही, पाणबुडीच्या आत काय झालं ते दिसत नाही, न्यायालयातली खडाजंगी नाही.

मग दिसतं काय? समुद्र. पाणबुडे खाली जातात, रिकाम्या हातानं वर येतात. प्रवाह कुठून कुठे वाहतो याचा हिशेब करणारी माणसं, नकाशावर आखलेल्या चौकटी. प्रेताचा वास पाण्यावरूनही ओळखणारी कुत्री बोटीत बसवून आणतात. एक चौकट संपते, दुसरी घेतात. पुराव्याशिवाय खटला उभा राहणार नाही म्हणून तपासप्रमुख येन्स मोलर फोनची वाट बघत बसतो. हे काम सोरेन मालिंगनं केलंय, जो 'फोरब्रुडेल्सन'मध्ये साराचा सहकारी मायर होता. आणि किमच्या वडिलांच्या भूमिकेत रोल्फ लासगोर्ड. हेनिंग मानकेल या स्वीडिश लेखकाचा वालान्डर हा पोलीस अधिकारी पडद्यावर आणणारा हा पहिला नट. वर्षानुवर्षं तो लोकांच्या दारात जाऊन 'तुमची मुलगी' असं सांगत होता. इथे तो दाराच्या आतल्या बाजूला उभा आहे. त्याच्या घरातलं कुत्रं म्हणजे किमच्या आईवडिलांचं खरोखरचं कुत्रं.

ही मालिका आम्ही दोन दिवसांत संपवली. संवाद इतके कमी की माझा रिमोट बऱ्याचदा मांडीवरच पडून होता. आईनं मधे एकदाच विचारलं, "ह्याचं तोंड कधी दाखवणारेत?" मी म्हटलं, दाखवणार नाहीत. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "बरं केलं. आमच्याकडेही पेपरवाले यायचे, विचारायचे ते मारणाऱ्याबद्दलच."

सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. 'ब्रोएन'मधल्या खुन्यांची कारस्थानं इतकी गुंतागुंतीची असतात की एवढं नियोजन जमणाऱ्या माणसाला कोणतीही कंपनी मोठ्या पगारावर ठेवील. वर्षाला शंभराच्या आत खून होणाऱ्या डेन्मार्कमध्ये पडद्यावर मात्र प्रेतांची रांग असते. वालान्डरच्या गोष्टी घडतात ते स्वीडनमधलं इस्टाड हे जेमतेम वीस हजार वस्तीचं गाव, पण त्याच्यामुळे तिथे मारेकऱ्यांची वसाहत असावी असं वाटतं. आणि तरुण बाईचं प्रेत दाखवल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही याचा आईला राग आहे. तो रास्त आहे.

तर मागणी अशी. मूळ डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक आवाज पहिल्यापासून चालू ठेवा. इंग्रजी डबिंग ज्याला हवं तो शोधून घेईल. खाली मराठी अक्षरं द्या. माणसानं केलेली, शक्यतो मुळावरून, नाही तर निदान मूळ ऐकत केलेली. भाषांतरकाराचं नाव शेवटी द्या, म्हणजे चुकलं तर कुणाला शिव्या द्यायच्या ते कळेल आणि जमलं तर कुणाला 'ताक' म्हणायचं तेही.

परवडत नाही, हे उत्तर येणार. म्हणून आकडे. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. आइसलँडची चार लाखांच्या आसपास, आमच्या एखाद्या तालुक्याएवढी. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे इथे लहान मुलांचं सोडलं तर परदेशी मालिका डब करायची पद्धत नाही. मूळ आवाज आणि खाली स्वतःची भाषा. इंग्लंडातल्या लोकांना सबटायटल आवडत नाहीत असं सगळे धरून चालले होते. जानेवारी २०११ मध्ये बीबीसी फोरनं शनिवारी रात्री 'फोरब्रुडेल्सन' डॅनिशमध्ये, खाली इंग्रजी देऊन लावली. त्याच वर्षी तिला सर्वोत्तम परदेशी मालिकेचा बाफ्टा पुरस्कार मिळाला आणि शनिवारची ती वेळ पुढे वर्षानुवर्षं परदेशी मालिकांसाठी राखली गेली.

आणि पत्र लिहून काय होणार, असं आमचे शेजारी म्हणतात, त्यांच्यासाठी एक. २०२१ च्या सुरुवातीला आइसलँडच्या शिक्षण आणि संस्कृती मंत्री लिल्या आल्फ्रेद्सदोत्तिर यांनी डिस्नेच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. तुमच्या नव्या सेवेवर आमच्या मुलांना आमची भाषा ऐकायला-वाचायला मिळत नाही, ती द्या. चार लाख लोकांची भाषा. कंपनीनं आइसलँडिकची सोय करण्याचं कबूल केलं. आमच्या मंत्र्यांनी असं पत्र लिहावं अशी माझी काही हरकत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा गल्लीत फटाके वाजले होते. त्या रात्रीही आम्ही टीव्ही लावला, सेटिंगमध्ये गेले, भाषांची यादी खालपर्यंत सरकवली. फिनिश होती, हिब्रू होती, दोन प्रकारची पोर्तुगीज होती.

आमचे 'फोरब्रुडेल्सन'चे चौदा भाग झालेत, सहा राहिलेत. माझ्या वेगानं दोन आठवडे लागतील. तेवढ्यात आपल्याकडून काही होणार नाही हे मला कळतं. पण त्यानंतर आईला 'ब्रोएन'चं तिसरं पर्व बघायचंय, आणि माझा घसा बसलाय.

आपली,
एक वर्गणीदार, सातारा

ता. क. हे पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, मालवणच्या आजीचं लिहिलंस ते बरं केलंस, पण अक्षर मोठं ठेवा हे लिहायला विसरलीस. तर, अक्षर मोठं ठेवा. आणि पिवळं नको, बर्फावर दिसत नाही.